दुसरी पाटी : श्रीनिवास रामानुजन यांचे जीवन

चेन्नईच्या मरीना किनाऱ्यापासून पश्चिमेकडे थोडे चालत गेले, की तिरुवल्लिकेणी ही पुरातन वस्ती लागते. इंग्रजांनी तिच्या नावाचे ट्रिप्लिकेन असे रूप केले. तमिळमध्ये अल्ली म्हणजे कुमुद आणि केणी म्हणजे तळे. कुमुदांच्या पवित्र तळ्याचे हे गाव. येथील पार्थसारथीच्या मंदिरात अर्जुनाचा सारथी झालेला श्रीकृष्ण पूजला जातो. १९१२ च्या सुमारास या वस्तीतील पायक्रॉफ्ट्स रोडवरच्या एका घरात रोज संध्याकाळी दोन माणसे दोन पाट्या घेऊन बसत आणि रात्री उशिरापर्यंत गणिते करीत. त्यांतील एक होते मद्रास बंदराच्या कचेरीतील वरिष्ठ अधिकारी एस. नारायण अय्यर. दुसरे त्याच कचेरीतील तीस रुपये पगाराचे कारकून होते. त्यांचे नाव श्रीनिवास रामानुजन.

रामानुजन यांचे चरित्र अनेकांनी अनेक परींनी सांगितले आहे. शाळेच्या हीरक महोत्सवी स्मरणिकेत ते पुन्हा सांगण्यास दोन कारणे आहेत. आपल्या माजी विद्यार्थ्यांपैकी ज्यांनी इलेक्ट्रॉनिक्सची वाट धरली, त्यांनी डिजिटल ऑसिलोस्कोप हाताळला असेल. विद्युत्‌संकेत पकडून त्याचे आकड्यांत रूपांतर करणारे आणि पडद्यावर त्याचा तरंग रेखाटणारे ते उपकरण. अशा आकड्यांच्या रांगेत दडलेली आवर्तने शोधण्यासाठी आजचे संशोधक रामानुजन यांनी शंभर वर्षांपूर्वी मांडलेल्या एका बेरजेकडे वळले आहेत, हे पहिले कारण. दुसरे कारण शाळा, परीक्षा आणि पालक यांच्याशी निगडित आहे. ते ओघाने येईलच.

कुंभकोणमचे घर

रामानुजन यांचा जन्म २२ डिसेंबर १८८७ रोजी इरोड येथे आजोळी झाला. त्यांचे बालपण कुंभकोणममध्ये गेले. हा मुलूख तंजावरचा. व्यंकोजीराजांच्या वंशजांनी दीर्घकाळ राज्य केलेला, आणि म्हणून मराठी माणसाला अगदीच परका नव्हे. वडील श्रीनिवास अय्यंगार कापडाच्या दुकानात कारकून होते. आई कोमलताम्माळ मंदिरात भजने गात असत. सारंगपाणी मंदिरासमोरच्या रस्त्यावरील लहानशा घरात हे कुटुंब राही. दोन वर्षांचे असताना रामानुजन यांना देवी आल्या. त्यातून ते वाचले, पण चेहऱ्यावरचे व्रण कायम राहिले.

१८९७ साली प्राथमिक परीक्षेत ते जिल्ह्यात पहिले आले आणि कुंभकोणमच्या टाउन हायस्कूलमध्ये दाखल झाले. योगायोग असा, की त्याच १८९७ साली स्ट्रासबुर्ग येथे कार्ल फर्डिनंड ब्राउन यांनी विद्युत्‌तरंग डोळ्यांना दाखवणारी काचेची नळी तयार केली. आजच्या ऑसिलोस्कोपचे मूळ त्या नळीत आहे. दोन टोकांना सुरू झालेल्या या दोन कथांची गाठ पुढे शंभराहून अधिक वर्षांनी पडायची होती.

हायस्कूलमध्ये असताना एका महाविद्यालयीन विद्यार्थ्याकडून मिळालेले लोनी यांचे त्रिकोणमितीचे पुस्तक त्यांनी तेराव्या वर्षापर्यंत आत्मसात केले. पंधरा-सोळाव्या वर्षी जॉर्ज कार यांचा सूत्रसंग्रह त्यांच्या हाती पडला. त्यात काही हजार सूत्रे होती आणि सिद्धता मात्र त्रोटक होत्या. रामानुजन यांनी एकेक सूत्र स्वतः सिद्ध करण्यास आरंभ केला आणि तसे करताना नवी सूत्रे त्यांच्या हाती येऊ लागली. १९०४ मध्ये शाळेने त्यांना गणिताचे पारितोषिक दिले. शाळेपुरते त्यांचे कौतुक यथायोग्य झाले, असे म्हणावे लागेल.

अनुत्तीर्णांच्या यादीत

अडचण पुढे आली. कुंभकोणमच्या सरकारी महाविद्यालयात त्यांना शिष्यवृत्ती मिळाली. परंतु गणितापलीकडच्या विषयांत त्यांचे मन रमेना. इंग्रजी निबंधात ते नापास झाले आणि शिष्यवृत्ती गेली. घरची स्थिती फी भरण्याजोगी नव्हती. १९०५ मध्ये ते कोणाला न सांगता विशाखापट्टणमला निघून गेले. पुढे मद्रासच्या पचय्यप्पा महाविद्यालयात त्यांनी पुन्हा प्रयत्न केला. तेथे शरीरशास्त्राच्या विषयाने त्यांना अडवले. एफ. ए. ची परीक्षा ते दोनदा नापास झाले आणि पदवीची वाट बंद झाली.

वयाची विशी ओलांडलेला, पदवी नसलेला, नोकरी नसलेला हा तरुण घराच्या ओट्यावर पाटी घेऊन बसे. कागद महाग, म्हणून सारे आकडेमोडीचे काम पाटीवर चाले. फडके शोधण्यात वेळ जाऊ नये म्हणून ते कोपराने पाटी पुसत आणि केवळ अंतिम सूत्र वहीत उतरवून ठेवत. त्यांच्या प्रसिद्ध वह्यांत सिद्धता क्वचितच आढळतात, याचे एक कारण ही पाटी आहे. ज्या आईवडिलांनी हा काळ पाहिला, त्यांच्या मनाची अवस्था आजच्या पालकांना वेगळी समजावून सांगावी लागणार नाही. १४ जुलै १९०९ रोजी त्यांचा विवाह झाला. पत्नी जानकी तेव्हा अवघ्या दहा वर्षांच्या होत्या. आता मिळवते होणे भाग होते.

तिरुवल्लिकेणीतील दिवस

१९१० मध्ये ते वह्या बगलेत मारून ओळखी शोधत निघाले. तिरुक्कोयिलूर येथे त्यांची भेट डेप्युटी कलेक्टर व्ही. रामस्वामी अय्यर यांच्याशी झाली. भारतीय गणित परिषदेची स्थापना १९०७ साली याच गृहस्थांनी केली होती. परिषदेचे ग्रंथालय पुण्याला, रँग्लर परांजपे यांच्या फर्ग्युसन महाविद्यालयात होते, ही गोष्ट मराठी वाचकांनी अभिमानाने ध्यानात ठेवावी. रामानुजन यांनी मागितली होती कारकुनाची जागा. रामस्वामी अय्यर यांनी वह्या चाळल्या आणि या माणसाला कचेरीत डांबणे योग्य नव्हे असे ठरवून त्यांना मद्रासच्या गणितप्रेमी मंडळींकडे पाठवले. तेथून ते नेल्लोरचे कलेक्टर आर. रामचंद्र राव यांच्यापर्यंत पोहोचले. रामचंद्र राव यांनी काही काळ दरमहा पंचवीस रुपये स्वतःच्या खिशातून दिले. १९११ मध्ये परिषदेच्या नियतकालिकात रामानुजन यांचा पहिला शोधनिबंध छापून आला.

दुसऱ्याच्या पैशावर किती दिवस राहायचे, ही खंत त्यांना होतीच. ९ फेब्रुवारी १९१२ रोजी त्यांनी बंदराच्या कचेरीत नोकरीसाठी अर्ज केला. त्या अर्जावरचा पत्ता होता : ७, समर हाउस, ट्रिप्लिकेन. १ मार्चला ते रुजू झाले. नारायण अय्यर पूर्वी गणिताचे अध्यापक होते आणि गणित परिषदेचे काम पाहत. कचेरीतील अधिकारी आणि कारकून हे नाते संध्याकाळी पायक्रॉफ्ट्स रोडवर गळून पडे. रामानुजन दोन-चार पायऱ्या एकदम ओलांडून उत्तरावर जात. नारायण अय्यर त्यांना थांबवत. मधल्या पायऱ्या लिहावयास लावत. आपल्यासारख्याला कळले नाही तर इतरांना कसे कळेल, असे समजावत. ही दुसरी पाटी नसती, तर पहिल्या पाटीवरचे किती लेखन कोपराखाली पुसून गेले असते, याचा अंदाज करता येत नाही.

१६ जानेवारी १९१३ रोजी रामानुजन यांनी केंब्रिजच्या ट्रिनिटी महाविद्यालयातील जी. एच. हार्डी यांना पत्र लिहिले आणि सोबत आपली सूत्रे जोडली. याआधी केंब्रिजच्या दोन गणितज्ञांकडून त्यांना साहाय्य मिळाले नव्हते. हार्डी यांनी ती पाने सहकारी लिटलवुड यांच्यासह तपासली आणि ती एका थोर गणितज्ञाची आहेत, हे ओळखले.

याच सुमारास हवामान खात्याचे प्रमुख गिल्बर्ट वॉकर मद्रासला आले होते. बंदराचे अध्यक्ष सर फ्रान्सिस स्प्रिंग यांनी त्यांना रामानुजन यांचे काम दाखवले. वॉकर स्वतः केंब्रिजचे नामवंत गणिती होते. मान्सूनच्या लहरीपणात काही आवर्तन सापडते का, याचा शोध त्यांनी आयुष्यभर घेतला आणि संकेतविश्लेषणाच्या पाठ्यपुस्तकांत त्यांचे नाव आजही येते. त्यांनी मद्रास विद्यापीठाला पत्र लिहून रामानुजन यांच्यासाठी शब्द टाकला. पदवी नसलेल्या माणसाला संशोधनवृत्ती देण्यासाठी विद्यापीठाने नियमाला अपवाद केला. १ मे १९१३ पासून त्यांना दरमहा ७५ रुपये मिळू लागले. आई आणि पत्नी यांच्यासह ते तिरुवल्लिकेणीतच, पार्थसारथी मंदिराजवळच्या हनुमंतरायन कोविल गल्लीत राहू लागले. पोटाची चिंता नसलेले आणि दिवसभर केवळ गणिताचे असे आयुष्यातील पहिले वर्ष त्यांना याच गल्लीत लाभले.

केंब्रिजमधील एक बेरीज

समुद्रप्रवासाला घरातून विरोध होता. आईचा होकार मिळाल्यावर १७ मार्च १९१४ रोजी ते बोटीवर चढले. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये महायुद्ध पेटले. शाकाहारी माणसाला अन्नाची टंचाई, थंडी आणि एकाकीपण यांनी ग्रासले. तरीही पाच वर्षांत त्यांनी केलेले काम थक्क करणारे आहे. १९१६ मध्ये केंब्रिजने त्यांना संशोधनाच्या आधारे पदवी दिली. १९१८ मध्ये ते रॉयल सोसायटीचे आणि पुढे ट्रिनिटीचे फेलो झाले. ट्रिनिटीचे फेलो होणारे ते पहिले भारतीय.

त्याच १९१८ साली केंब्रिज फिलॉसॉफिकल सोसायटीच्या नियतकालिकात त्यांचा एक निबंध आला. विषय होता काही त्रिकोणमितीय बेरजा आणि त्यांचा संख्या-सिद्धान्तातील उपयोग. शालेय गणितावर भिस्त ठेवूनही त्याचा गाभा समजू शकतो.

एखादी संख्या घ्यावी आणि तिच्या सर्व विभाजकांची बेरीज करावी. ११ चे विभाजक १ आणि ११, बेरीज १२. पुढच्या १२ चे विभाजक १, २, ३, ४, ६, १२, बेरीज २८. त्यापुढील १३ ची बेरीज केवळ १४. या बेरजांचा आलेख काढला, तर तो सारखा वर उसळतो आणि खाली कोसळतो. त्यात काही नियम असेल असे वाटत नाही. रामानुजन यांनी दाखवले, की हा वेडावाकडा आलेख साध्या, नियमित आवर्तनांच्या बेरजेतून उभा राहतो.

सरासरीने ही बेरीज त्या संख्येच्या सुमारे १.६४५ पट असते. या सरासरीवर प्रत्येक आवर्तन आपापला हिस्सा चढवते किंवा उतरवते. दोनच्या आवर्तनाची मालिका १, −१ अशी पुन्हा पुन्हा येते. तीनच्या आवर्तनाची २, −१, −१. चारची २, ०, −२, ०. सहाची २, १, −१, −२, −१, १. दोनच्या मालिकेला दोनच्या वर्गाने, तीनच्या मालिकेला तीनच्या वर्गाने, असे भागून ती मिळवत जायचे. बाराव्या स्थानी दोन, तीन, चार, सहा ही सारी आवर्तने एकदम वर ढकलतात, म्हणून बेरीज २८ पर्यंत चढते. तेराव्या स्थानी दोन, तीन आणि पाच खाली ओढतात, म्हणून ती १४ वर येते. या मालिका त्रिकोणमितीतील कोसाइनच्या बेरजांतून निघतात. तरी त्यांतील प्रत्येक पद पूर्णांकच असते. अशा बेरजा पूर्वीच्या काही गणितज्ञांच्या लेखनातही आल्या होत्या. त्यांचे सामर्थ्य ओळखून त्यांच्यावर एक पद्धती उभारली ती रामानुजन यांनी. म्हणून त्या रामानुजन यांच्या बेरजा या नावाने ओळखल्या जातात.

ऑसिलोस्कोपच्या पडद्यावर

आता डिजिटल ऑसिलोस्कोपकडे वळू. त्याच्या प्रोबच्या टोकाशी आलेला विद्युत्‌दाब ठरावीक अंतराने पुन्हा पुन्हा मोजला जातो. प्रत्येक मापाचा एक आकडा होतो. साध्या उपकरणात तो बहुधा आठ बिटांचा, म्हणजे २५६ पायऱ्यांपैकी एक असतो. हे आकडे स्मृतीत साठतात आणि त्यांवरून पडद्यावर तरंग उमटतो. आपल्या घरची वीज सेकंदाला ५० आवर्तने करते. सेकंदाला १,००० मापे घेतली, तर दर वीस आकड्यांनी तोच क्रम पुन्हा येतो. याचा अर्थ असा, की पडद्यामागे असते ती केवळ आकड्यांची एक लांब रांग; आणि त्या रांगेत कोणते आवर्तन दडले आहे, हा प्रश्न संख्याशोधकाच्या प्रश्नाहून फार वेगळा राहत नाही.

बाजारातील उपकरणे यासाठी फूरिये यांच्या पद्धतीचा अवलंब करतात आणि ती उत्तम काम देते. मात्र तिची एक मर्यादा आहे. समजा, रांगेत १,०२४ आकडे आहेत आणि त्यांतील क्रम दर सात आकड्यांनी पुन्हा येतो. १,०२४ ला सातने निःशेष भाग जात नाही; त्यामुळे सातच्या आवर्तनाची खूण एका ठिकाणी न उमटता शेजारीपाजारी पसरते. संकेत लहान आणि गोंगाट मोठा असेल, तर ती ओळखणे कठीण होते. रामानुजन यांच्या मालिका मुळातच पूर्णांकी आवर्तनांच्या बनलेल्या आहेत. सातसाठी सातची मालिका तयारच असते. या शतकाच्या आरंभी काही संशोधकांनी त्यांचा संकेतांसाठी उपयोग सुरू केला. २०१४ मध्ये कॅलिफोर्निया इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीतील प्राध्यापक पी. पी. वैद्यनाथन यांनी त्यांवर आधारलेली एक सविस्तर पद्धती मांडली. डीएनए आणि प्रथिने यांतील पुनरावृत्ती शोधण्यासाठीही ती वापरली गेली आहे. रामानुजन यांच्यासमोर यांतील काहीही नव्हते. त्यांना संख्यांचे कोडे सोडवायचे होते. उपयोगाचा प्रश्न त्यांनी विचारलाच नव्हता.

परतीचा प्रवास

१९१७ पासून त्यांची प्रकृती ढासळत गेली. युद्ध संपल्यावर ते परत निघाले आणि २७ मार्च १९१९ रोजी मुंबईच्या बंदरात उतरले. आई आणि धाकटे बंधू त्यांना घ्यायला आले होते. पाच वर्षांपूर्वी निघालेला स्थूल बांध्याचा तरुण अस्थिपंजर होऊन परतला होता. पुढचे वर्ष उपचारांत आणि गणितात गेले. अंथरुणावर पडूनही ते पाटी मागून घेत. या काळातील काम आजही गणितज्ञांना पुरून उरले आहे. २६ एप्रिल १९२० रोजी मद्रासच्या चेटपेट भागात त्यांचे निधन झाले. वय अवघे बत्तीस होते.

जानकीअम्माळ तेव्हा अवघ्या एकवीस वर्षांच्या होत्या. त्या काही वर्षे मुंबईत भावाकडे राहिल्या आणि तेथे शिवणकाम शिकल्या. पुढे त्या तिरुवल्लिकेणीत, त्याच हनुमंतरायन कोविल रस्त्यावर परतल्या. शिवणकामावर त्यांनी स्वतःचा चरितार्थ चालवला आणि एका अनाथ मुलाला वाढवले. पतीच्या वह्यांची छायाप्रत १९५७ मध्ये मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेने दोन खंडांत प्रसिद्ध केली. अखेरच्या वर्षातील हरवलेली पाने १९७६ मध्ये ट्रिनिटीच्या ग्रंथालयात जॉर्ज अँड्र्यूज यांना सापडली. जगभरच्या गणितज्ञांनी वर्गणी काढून घडवलेला रामानुजन यांचा अर्धपुतळा वृद्धापकाळी जानकीअम्माळ यांच्या घरी आला. १९९४ मध्ये त्यांचे निधन झाले.

शाळेपुढचा प्रश्न

ऑसिलोस्कोप वापरणाऱ्याला पहिल्याच दिवशी एक नियम शिकवतात. संकेतात जितक्या वेगाचे आंदोलन असेल, त्याच्या दुपटीहून अधिक वेगाने मापे घ्यावी लागतात. मापे विरळ घेतली, तर पडद्यावर तरंग दिसतो, पण तो खोटा असतो. वेगवान आंदोलनाच्या जागी एक संथ, भलताच तरंग उमटतो. उपकरण बिघडलेले नसते आणि संकेतही सदोष नसतो. मोजणी तोकडी पडलेली असते.

कुंभकोणम आणि मद्रास येथील परीक्षांनी रामानुजन यांच्या बाबतीत असेच घडवले. परीक्षकांनी गुण प्रामाणिकपणे दिले असतील. इंग्रजी निबंध आणि शरीरशास्त्र हे विषय अनावश्यक होते, असेही कोणी म्हणणार नाही. तथापि त्या मोजक्या मापांतून जो माणूस कागदावर उमटला, तो खरा नव्हता. खरा माणूस दिसला तो ज्यांनी वह्या उघडून पाहिल्या त्यांना : रामस्वामी अय्यर यांना, रामचंद्र राव यांना, आणि कचेरीतून दमून आल्यावरही रोज संध्याकाळी समोर पाटी घेऊन बसणाऱ्या नारायण अय्यर यांना.

प्रत्येक वर्गात रामानुजन नसतो, हे खरे. परंतु ज्याच्या मनातील आंदोलने आपल्या गुणपत्रिकेच्या मापांत सापडत नाहीत, असा एखादा विद्यार्थी किंवा विद्यार्थिनी प्रत्येक वर्गात असते. साठ वर्षांच्या वाटचालीत आपल्या शाळेच्या बाकांवरूनही अशी मुले उठून गेली असतील. काहींना कोणी तरी समोर बसून ऐकले असेल. काहींना तसे कोणी लाभले नसेल. माजी विद्यार्थी आज या शाळेसाठी इमारत, ग्रंथ, उपकरणे असे बरेच काही देऊ इच्छितात आणि ते द्यावेच. प्रयोगशाळेत एखादा डिजिटल ऑसिलोस्कोपही यावा. त्याबरोबर आठवड्यातील एक संध्याकाळ देता आली, तर ती आधी द्यावी. मुलाच्या समोर बसावे, मधल्या पायऱ्या विचाराव्यात आणि तो काय लिहितो ते पाटी पुसण्यापूर्वी पाहावे.